तळघरातली सिसेल

वेस्टलुंड शाळा, जटलंड
११ नोव्हेंबर १८९३

निसभावजी,

लौस्ट गेले. शेतं नांगरायला निघाली त्या आठवड्यात छातीत कळ आली आणि वर्गातच, फळ्यासमोर, हातात खडू घेऊन बसले ते बसलेच. तुम्हाला आधीच कळवायला हवं होतं. अध्यापक विद्यालयात तुम्ही दोघं एका बाकावर बसलात, तुम्ही राजधानीच्या संग्रहालयात गेलात आणि ते या माळरानावर पोरांना पाढे शिकवायला आले, तरी पत्रं कधी तुटली नाहीत. पण दरवेळी कागद पुढ्यात घेतला की पहिलं वाक्यच लिहवेना. आज लिहिलं, कारण काल मॉर्टेनच्या सणाचं बदक शेजारणीने आणून दिलं. अख्खं बदक! एकट्या बाईने बदक कुठून खायला सुरुवात करायची, सांगा बरं. झाकून ठेवलं आणि राईच्या पावावर लोणी लावून खाल्लं.

आता मुद्द्याचं. तळघरात त्यांच्या बरण्या आहेत. तुम्हाला ठाऊकच आहे, लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी त्यांना बजावलं होतं, "या स्वयंपाकघरात एक तर मी राहीन, नाहीतर तुमचं हे डबक्याचं पाणी." बिचारे सगळं खाली घेऊन गेले आणि पुढची सगळी वर्षं कंदील घेऊन जिना उतरत राहिले. त्या पाण्यात काय वळवळतं ते मी कधी पाहिलं नाही. मला किळसच यायची.

मी सगळं गटारात ओतणार होते. पण एका बरणीवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी आहे, "सिसेल". आमची पोर गेली त्या वर्षी त्यांना देवळामागच्या तळ्यात हा पांढरा जीव सापडला, कुठल्याच पुस्तकात नव्हता म्हणे, म्हणून त्याला तिचं नाव दिलं आणि शिक्षक-संघाच्या वार्षिकात छापून आणलं. ते पान माझ्या बायबलमध्ये आहे. ही बरणी माझ्या हाताने ओतवणार नाही, भावजी. काय करू ते कळवा.

अबेलोने टॉफ्ट

कोपनहेगन
२० नोव्हेंबर १८९३

वहिनी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि खिशात घालून बंदरावर फिरून आलो. लौस्टच्या पत्राची वाट पाहायची सवय इतकी जडली आहे की तुमच्या पाकिटावर वेस्टलुंडचा शिक्का पाहून आधी आनंदच झाला. त्याची मला अजून लाज वाटते आहे.

बाकीच्या बरण्या तळ्यात सोडून द्या. गटारात नको. ते सगळे तिथलेच रहिवासी. चपलेच्या आकाराचे धावणारे, देठावर घंटा लावल्यासारखे, तुतारीसारखे तोंड वासून बसणारे, काचेच्या डबीत राहणारे, आणि एक आळशी गोळा, ज्याला स्वतःचा आकारच नाही. एकेका थेंबात इतकी जात-जमात असते की आमच्या संग्रहालयातले हत्ती आणि देवमासे त्यापुढे एका आईची लेकरं वाटावीत. आमच्याकडे या मंडळींवरून भांडण जुंपलेलं असतं. वनस्पतीवाले म्हणतात हे आमचे, प्राणीवाले म्हणतात आमचे. आणि कपाटात जागा द्यायची वेळ आली की कुणाचेच नाहीत! मी म्हणतो, यांना तिसरं घर बांधा, ना झाडांचं ना प्राण्यांचं. म्हणून दोन्हीकडचे माझ्यावर खार खाऊन असतात.

सिसेलची बरणी मात्र सांभाळा. काही अवघड नाही. महिन्यातून एकदा जवाचा एक दाणा उकळून टाका, पाणी आटलं तर तळ्यातलं गाळून, उकळून, गार करून घाला. आणि एकदा तरी लौस्टच्या सूक्ष्मदर्शकाच्या पितळी नळीतून बघा. माझ्या आग्रहाखातर.

तुमचा,
निस बॉयसेन

वेस्टलुंड
४ मार्च १८९४

निसभावजी,

बिघडवलं मी सगळं.

थंडी अशी पडली की तळघराच्या पायऱ्यांवर बर्फ चढला. एकदा घसरले, कंदील फुटला, मी अंधारात बसून राहिले आणि लक्षात आलं की हाक मारायला वर कुणीच नाही. दुसऱ्या दिवशी सिसेलची बरणी उचलली आणि स्वयंपाकघरात आणली. हो, याच स्वयंपाकघरात. खिडकीत ठेवली, पीटच्या वाळल्या ढेकळांच्या शेगडीची ऊब पोचेल अशी. हसा हवं तर. लौस्ट असते तर तेही हसले असते.

खरं सांगू? नुसती थंडी नव्हती. बदली मास्तर आणि पोरं शाळेतून घरी गेली की इथे इतकं शांत होतं की घड्याळाचा राग येतो. बरणी समोर असली की दोन शब्द बोलता येतात. पाद्र्यांना सांगू नका, पण मी तिला सकाळी "उठलीस का" म्हणून विचारते.

आणि तुम्ही सांगितलं म्हणून नळीतून पाहिलं. भावजी! एक चिमुकली आली, लांबट, दुधाळ, अंग आखडून गोळा झाली, पुन्हा लांब झाली, आणि पुढे जाताना अशी मुरडत गेली की मी मोठ्याने हसले. डोक्याजवळ लाल टिकली होती. इतकी वर्षं हे माझ्या पायाखाली तळघरात चाललं होतं आणि मी वर भांडी घासत होते. लौस्ट किती वेळा म्हणाले असतील, "ये ना गं एकदा खाली." मी म्हणायची, "तुम्हीच या वर, जेवण गार होतंय."

पण आता ऐका. गेल्या काही दिवसांत पाणी हिरवं पडायला लागलं. आधी वाटलं माझे डोळे. मग वाटलं शेवाळ. आज नळीतून पाहिलं तर पांढरी एकही नाही. सगळ्या हिरव्या. माझी सिसेल मेली आणि तिच्या जागी दुसरंच काहीतरी आलं. एक बरणी सांभाळायला दिली होती, तीही धड राखली नाही.

अबेलोने

कोपनहेगन
१० मार्च १८९४

वहिनी,

घाबरू नका. बहुधा तळ्याच्या पाण्याबरोबर एखादं हिरवं आत शिरलं असेल. पाणी उकळून घातलं होतं का? त्यातली एक बाटली मला पाठवा, बूच मेणाने बंद करून. ओतून मात्र काही टाकू नका.

निस

वेस्टलुंड
२ एप्रिल १८९४

निसभावजी,

बाटली पाठवली आहे. पाणी उकळलं होतं. पस्तीस वर्षं स्वयंपाक केलाय, पाणी उकळायला मला कुणी शिकवायला नको.

नवे मास्तर मे महिन्यात बायको-मुलांसह येणार. विधवेला घरात राहायला दिलेलं कृपावर्ष खरं तर शरदापर्यंत चालायचं, पण शाळा समितीने विचारलं, लवकर जाल का, आणि मी हो म्हटलं. देवळाच्या बाजूला एक खोली देतायत. दोन खिडक्या आहेत, तळघर नाही. काय म्हणते ती बाटली ते लवकर कळवा.

अबेलोने

कोपनहेगन
६ मे १८९४

वहिनी,

उत्तराला उशीर झाला. कामाचं निमित्त सांगणार होतो, पण तुम्हाला ते पटलं नसतं.

बाटलीत बाहेरचं काही शिरलेलं नाही. अंगाची ठेवण तीच, मुरडणं तेच, लाल टिकली तीच. ही हिरवी जात आम्हाला चांगली ठाऊक आहे. आमच्या पुस्तकांत ती 'ब्रिनकेर' नावाने येते, डबक्यात, खंदकात सगळीकडे सापडते. लौस्टची पांढरी आणि ही हिरवी, मला वाटतं, एकच जीव आहे. उजेडात हा झाडासारखा स्वतःचं अन्न स्वतः करतो आणि हिरवा होतो. अंधारात ठेवलं तर रंग सोडतो आणि प्राण्यासारखं मिळेल ते खातो. लौस्टने तो कायम तळघरातच पाहिला. तळ्यातून आणायचा, खाली ठेवायचा आणि बरणी निवळली की काही आठवड्यांनी बघायचा. म्हणून त्याला पांढराच दिसला. त्याची चूक म्हणायची तर एवढीच.

पण एका जिवाला दोन नावं ठेवता येत नाहीत. दोघं एक निघाले, तर एक नाव पुसलं जाणार. कोणतं ते आत्ता विचारू नका. अजून पुरतं सिद्ध झालेलं नाही.

निस

वेस्टलुंड
१३ मे १८९४

बॉयसेनसाहेब,

विचारू नका म्हणता? विचारायचं काय त्यात. एकीकडे मोठ्या पुस्तकांतली तुमची ब्रिनकेर आणि दुसरीकडे खेड्यातल्या मास्तराने वार्षिकात छापलेली चार ओळींची पोर. कुणाचं नाव पुसतात ते कळायला संग्रहालयात नोकरी लागत नाही.

सिसेल नऊ वर्षांची होती. गोवर आला. डॉक्टर म्हणाले, खोली अंधारी ठेवा, नाहीतर डोळे जातील. मी खिडकीवर घोंगडी ठोकली. चारही बाजूंनी खिळे मारले, एक फट राहू दिली नाही. ती म्हणायची, "आई, थोडीशी उघड ना गं. एवढीशी." बोटांनी दाखवायची, एवढीशी. बाहेर लायलॅक फुलला होता, तिला तो बघायचा होता. मी म्हटलं, बरी झालीस की बघ. लौस्ट म्हणाले होते, उघड एक कोपरा. मी त्यांनाही गप्प केलं. पोर अंधारातच गेली, साहेब. घोंगडी काढली तेव्हा लायलॅक झडून गेला होता.

त्याच वर्षी त्यांनी त्या जिवाला तिचं नाव दिलं. आणि त्याला तळघरात कुणी घातलं होतं? मीच. आता तुम्ही लिहिता, अंधारात ठेवला म्हणून पांढरा पडला, नाहीतर हिरवागार झाला असता. हे तुम्ही मला लिहिता! वाचून मी पत्र शेगडीत टाकणार होते.

तुमचं लग्न नाही, मूल नाही, कुणाचं नाव ठेवायचा प्रसंग तुमच्यावर आलाच नसेल. तुम्हाला काय कळणार, पुसलं जातं म्हणजे काय होतं ते.

अबेलोने टॉफ्ट

कोपनहेगन
३ जून १८९४

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. नव्या खोलीत नीट लागलात का?

निस

कोपनहेगन
१५ जुलै १८९४

वहिनी, पत्र नाही म्हणून लिहितो. सगळे समुद्रावर गेलेत, संग्रहालयात मी आणि पहारेकरी. एक ओळ पुरे.

निस

वेस्टलुंड
२६ ऑगस्ट १८९४

निसभावजी,

बोलायची नव्हते. पण आता बोलते, कारण मी झालं ते निस्तरलं आहे.

तुमचं पत्र शेगडीत टाकलं नव्हतं. पुन्हा काढून वाचलं. त्यात होतं, अंधारात ठेवलं तर रंग सोडतो. म्हटलं, ठीक आहे, मी हिरवी केली ना, मीच पांढरी करीन. इथे तळघर नाही, म्हणून बरणी कपड्यांच्या पेटीत ठेवली, रजईखाली, झाकण लावून. तुम्ही सांगितल्याप्रमाणे जव उकळून घातला, वर मटणाच्या रश्शाचा एक थेंब. तोंडाला चव नको का? झाकण लावताना तिला पुन्हा अंधारात कोंडते आहे असं वाटलं आणि पेटीवर बसून रडले. मग मनाला म्हटलं, नाव राहायचं असेल तर हे सोसायला हवं.

अख्खा उन्हाळा पेटीत गेला. आता पाणी दुधासारखं आहे. पाहिलं नळीतून. हिरवी शोधायला एक नाही, टिकली फिकट झाली आहे पण आहे. सोबत बाटली पाठवते, काळ्या लोकरीत गुंडाळून, वाटेत उजेड लागू नये म्हणून. बघा डोळ्यांनी. ही लौस्टची सिसेलच आहे, ब्रिनकेर-बिनकेर नाही. आता तुमच्या साहेबांना सांगा आणि तिचं नाव जागच्या जागी राहू द्या.

मे महिन्यात फार बोलले. खरं होतं ते बोलले, पण तुम्हाला बोलायला नको होतं.

अबेलोने

कोपनहेगन
३० सप्टेंबर १८९४

वहिनी,

बाटली आली. मी ती उघडण्याआधी दोन दिवस तशीच टेबलावर ठेवली होती. आता सगळं सांगतो, एका दमात, नाहीतर पुन्हा राहून जाईल.

पांढरीची हिरवी झाली एवढ्याने काही सिद्ध होत नव्हतं; माझ्या मनात आलं तसं कुणीही म्हणालं असतं की बाहेरून काहीतरी शिरलं. पण तीच बरणी, तेच पाणी, आणि हिरवीची पुन्हा पांढरी! याला उत्तर नाही. तुम्ही वाचवायला गेलात आणि हवा होता तो पुरावाच माझ्या हातात दिलात. दोन्ही एकच आहेत. एक नाव पुसलं गेलंच पाहिजे.

पण कोणतं, ते तुम्ही चुकीचं धरून बसलात आणि मी तुम्हाला धरू दिलं. आमच्यात नियम असा आहे की ज्याने आधी नाव छापलं त्याचं राहतं. मोठं पुस्तक की गावचं वार्षिक, हे बघायचं नसतं. लौस्टची सिसेल छापली गेली ती १८८१ साली. ब्रिनकेर १८८३ साली. पुसली जाते ती ब्रिनकेर.

ते नाव मी ठेवलेलं आहे. आयुष्यात एवढं एकच ठेवलं. ब्रिनकेर माझं गाव, श्लेस्विगमधलं. चौसष्टच्या लढाईत ते प्रशियाने घेतलं, मी डॅनिश राहायचं ठरवलं, आणि तेव्हापासून मला तिकडे पाऊल टाकू देत नाहीत. आई गेली तेव्हा सीमेवर नदीच्या अलीकडे उभा राहिलो होतो. पलीकडून घंटा ऐकू आली. आमच्याच देवळाची असेल असं मानलं आणि परत आलो. नकाशावर आता त्या गावाचं नाव जर्मन स्पेलिंगात छापतात. म्हटलं, कुठेतरी एका ठिकाणी तरी ते आमच्यासारखं लिहिलेलं राहू दे. म्हणून ते त्या हिरव्या जिवाला दिलं. तेव्हा पुसलं जातं म्हणजे काय होतं ते मला थोडं कळतं, वहिनी.

शिक्षक-संघाचं ते वार्षिक इथे कुणी वाचत नाही. एकच प्रत आहे, माझ्या कपाटात, लौस्टने पाठवलेली. मी गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. मे महिन्यापासून मी गप्पच बसलो होतो. तुम्ही काळी लोकर गुंडाळून पाठवलीत तेव्हा मनात आलं, आतली सगळी मेलेली निघू देत. असं आलं, खोटं कशाला सांगू. उघडली तर सगळ्या मुरडत होत्या.

परवा संग्रहालयाच्या मंडळाच्या सभेत वाचून दाखवलं. मला वाटलं होतं गहजब होईल. एकाने जांभई दिली, दुसऱ्याने विचारलं, मग हे कपाट वनस्पतीवाल्यांना द्यायचं की प्राणीवाल्यांना. मी म्हटलं, आता तरी तिसरं घर बांधा. सभा कॉफीला उठली.

निबंध छापायला गेला आहे. पुढच्या उन्हाळ्यात डबकी हिरवी होतील, खंदक हिरवे होतील, गुरांच्या खुरांच्या खळग्यांत साचलेलं पाणी हिरवं होईल. ती सगळी आता सिसेल. तिला पेटीतून बाहेर काढा, वहिनी. आता तिला अंधारात ठेवायचं काही कारण नाही.

तुमचा,
निस

वेस्टलुंड
८ नोव्हेंबर १८९४

निसभावजी,

तुमचं पत्र आलं त्याच मिनिटाला पेटी उघडली. बरणी खिडकीत ठेवली आणि पडदा ओढून काढला, दांडीसकट. घरमालकीण ओरडली. म्हटलं, ओरड बाई. शरदातला उजेड तो काय, पातळ पेजेसारखा, पण दोन आठवड्यांत काठाला हिरवी छटा धरलीच. मी समोर खुर्ची घेऊन बसले आणि तिला म्हटलं, "बघ गं. हवं तेवढं बघ." आणखी बरंच बोलले, ते तुम्हाला सांगत नाही.

तुम्ही गप्प बसला असता तर मला कधीच कळलं नसतं. आणि मी तुम्हाला म्हटलं होतं, तुम्हाला काय कळणार. तोंड आहे की काय माझं!

आता ऐका. माझा मावसभाऊ बैलांचा व्यापारी आहे, सीमेपलीकडच्या बाजाराला त्याची दर शरदात खेप असते. बैलांना आणि बैलवाल्यांना प्रशियावाले अडवत नाहीत. त्याला म्हटलं, वाट वाकडी कर आणि ब्रिनकेरला जा, देवळाजवळ डबकं असेल त्यातलं पाणी भरून आण. तो म्हणाला, "अबेलोने, म्हातारपणी डोकं फिरलं का तुझं? पाणी आणायला जर्मनीत?" पण गेला. डबकं आहे, देवळाच्या भिंतीला लागून, विलोची तीन झाडं आहेत आणि बदकं आहेत म्हणाला. एका म्हातारीने विचारलं, कुणासाठी नेतोस? त्याने तुमचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "बॉयसेनांचा निस? तो पोहायला इथेच शिकला."

त्याने आणलेल्या पाण्याची बाटली सोबत पाठवते, मॉर्टेनच्या सणाला तुमच्या हातात पडेल. पुढच्या वर्षी त्या दिवशी इकडे या, बदक एकटीने संपत नाही. तोवर ही बाटली तुमच्या खिडकीत ठेवा, उजेडात. नळीतून मी पाहिलं आहे. त्यातली हिरवी सगळी आता सिसेलच आहे, नियम म्हणजे नियम. पाणी मात्र तुमच्या गावचं आहे.

तुमची,
अबेलोने